यार्डातली खडखड आणि बोलीचा हिशेब

हप्ते थकले म्हणून वित्त कंपनीने ओढून आणलेली गाडी शहराबाहेरच्या यार्डात उभी असते. काचेवर लॉट नंबर, बोनेटवर महिन्यांची धूळ, बॅटरी मेलेली. पाहणीच्या दिवशी यार्डाचा माणूस दुसऱ्या बॅटरीची केबल जोडून गाडी सुरू करून दाखवतो, आणि इंजिनातून काहीतरी वाजते. टकटक म्हणा, खडखड म्हणा. कशाचा आवाज, असे विचारले की "चालू कंडिशन आहे, बाकी तुमचं तुम्ही बघा" एवढेच उत्तर मिळते. गाडी चालवून बघायची मुभा सहसा नसते. इंजिन खोलून बघण्याचा तर प्रश्नच नाही. अनामत मात्र बोलीआधी भरायची असते. अशा वेळी जाणकार लोक आवाज ओळखण्याच्या खुणा सांगू लागतात आणि सगळी चर्चा मिस्त्रीच्या हाती जाते. ती तिथे फार वेळ राहू नये असे मला वाटते. आत काय बिघडले आहे हे कोणाला कळू शकत होते, आणि ते न कळण्याचा भुर्दंड कोणी भरायचा, हा लिलावातल्या अनोळखी आवाजाचा खरा प्रश्न आहे. हिशेब या बाजूने मांडला की एक न आवडणारा निष्कर्ष निघतो: घरासाठी एकच गाडी घ्यायला आलेल्या माणसाची योग्य बोली ही बहुतेक वेळा हरणारी बोली असते.

तरीही आधी मिस्त्रीचे ऐकून घेऊ, कारण त्याच्या विद्येत दम आहे. चार स्ट्रोकच्या इंजिनात क्रँकशाफ्टचे दोन फेरे होतात तेव्हा कॅमशाफ्टचा एक होतो. आयडलिंगला मिनिटाला ८०० फेरे धरले, तर क्रँक सेकंदाला साधारण १३ वेळा फिरते आणि कॅम सातपेक्षाही कमी. म्हणून वरच्या अंगाची, टॅपेट-व्हॉल्व्हची टिकटिक तुलनेने सावकाश आणि हलकी असते. खालून, ऑईल चेंबरच्या बाजूने येणारा जड ठोका क्रँकच्या चालीने पडतो आणि रेस दिली की आणखी घट्ट होतो. त्याचा अर्थ पुष्कळदा कनेक्टिंग रॉडचे बेरिंग खाल्ले गेले, असा निघतो. हे बेरिंग आणि क्रँक यांच्यामध्ये मोकळी जागा असते ती मिलिमीटरच्या काही शतांशांची, आणि तीही दाबाखालच्या ऑईलने भरलेली. ऑईल कमी पडले किंवा वेळेत बदलले नाही, की धातूवर धातू आपटू लागतो. एकेका सिलिंडरच्या इंजेक्टरची जोडणी काढून पाहिली आणि एखाद्याला ठोका मंदावला, तर दुखणे त्या रॉडचे. लांब स्क्रूड्रायव्हरचे टोक ब्लॉकवर टेकवून मूठ कानाशी धरणारे जुने मिस्त्री हेच करत असतात. तो त्यांचा स्टेथोस्कोप. काही दुखणी तर इंजिनाच्या नावावरच असतात. फियाटचे १.३ लिटरचे मल्टिजेट डिझेल इंजिन रांजणगावात तयार होत होते आणि मारुतीच्या स्विफ्टपासून टाटांच्या इंडिका व्हिस्टापर्यंत इतक्या गाड्यांत बसले की त्याला गमतीने देशाचे राष्ट्रीय इंजिन म्हटले जाई. मारुतीने एप्रिल २०२० पासून डिझेल गाड्या बंद केल्या. म्हणजे त्यांच्या बोनेटखालचे हे इंजिन आज यार्डात आले तर ते वयस्करच असणार. त्याला टायमिंग बेल्ट नाही, चेन आहे, आणि चेनचा ताण राखणारा टेन्शनर ऑईलच्या दाबावर चालतो. गार इंजिन सुरू करताना क्षणभर खरखर होऊन थांबली तर दाब पोहोचायला उशीर लागला, एवढेच. थांबलीच नाही तर चेन सैल झाल्याची शंका घ्यावी, आणि तशीच दामटलेली चेन दातावरून सरकली तर व्हॉल्व्ह पिस्टनवर जाऊन आदळतात.

इतके ज्ञान हाताशी असताना प्रश्न उरतो कुठे? तो यार्डात उरतो. वर सांगितलेल्या प्रत्येक खुणेला काहीतरी लागते: गार इंजिनाची पहिली काही सेकंदे, पुरेसे तापलेले इंजिन, चढावरचा भार, ऑईलचा दाब मोजणारा गेज, निदान एक इंजेक्टर काढायची परवानगी. पाहणीच्या दिवशी यातले एकही खात्रीने मिळत नाही. उलट यार्ड स्वतःच आवाज बनवते आणि स्वतःच लपवते. महिनोन्महिने उभ्या गाडीतल्या हायड्रॉलिक टॅपेटमधले ऑईल निथळून जाते. सुरू केल्यावर ते वाजतात आणि दाब आला की गप्प होतात. बेल्ट कोरडा पडलेला असतो, सायलेन्सरवरचा पत्रा सुटलेला असतो, एक्झॉस्टच्या गॅस्केटमधून फट्फट् गळती होत असते, आणि नवख्या कानाला यातले सगळेच इंजिनाचे मरण वाटते. दुसऱ्या बाजूने, सकाळपासून चार गिऱ्हाइकांना सुरू करून दाखवलेली गाडी दुपारी पाचव्यासमोर येते तेव्हा तिची चेन केव्हाच शांत झालेली असते. जाड ऑईल ओतून ठोका काही दिवस दाबता येतो, हे तर रस्त्यावरच्या पोरालाही माहीत आहे. शिवाय जुन्या डिझेलची खडखड कुठे संपते आणि आजाराची कुठे सुरू होते, यावर दोन चांगले मिस्त्रीसुद्धा भांडतील. म्हणून यार्डात उभे राहून केलेले निदान हे निदान नसते, अंदाज असतो. अंदाजावर बोली लावायला हरकत नाही, फक्त त्याला अंदाजाचाच भाव द्यावा.

कायदा या बाबतीत काय म्हणतो ते पाहण्यासारखे आहे, कारण आपल्या कायद्याने हा प्रसंग जवळजवळ नाव घेऊन रंगवून ठेवला आहे. १८७२ च्या भारतीय करार कायद्याचे १७ वे कलम फसवणूक म्हणजे काय ते सांगते, आणि त्याखालचे पहिलेच उदाहरण लिलावाचे आहे. एक माणूस आपला घोडा लिलावात विकतो, घोडा निरोगी नाही हे त्याला माहीत आहे, तो काही बोलत नाही. ही फसवणूक नव्हे. लगेच पुढे दुसरे उदाहरण: घेणारी विकणाऱ्याचीच नुकती सज्ञान झालेली मुलगी असेल तर मात्र त्याने सांगायला हवे. बाजारात माणूस परका आणि घरात आपला, ही रेघ कायद्याने इतकी उघड ओढलेली क्वचित सापडते. तिसरे उदाहरण खरेदीदाराच्या कामाचे आहे. घेणारा म्हणाला, तुम्ही नाही म्हटले नाहीत तर मी घोडा निरोगी समजेन, आणि विकणारा गप्प राहिला, तर ते मौन बोलण्याच्या बरोबरीचे धरले जाते. वस्तुविक्री कायदा १९३० चे १६ वे कलमही मुळात खरेदीदारालाच सावध राहायला सांगते. वर्णनावरून माल विकणाऱ्या व्यापाऱ्यावर ते मालाच्या दर्जाची काही जबाबदारी टाकते. पण खरेदीदाराने माल तपासला असेल, तर त्या तपासणीत दिसायलाच हवे होते अशा दोषांपुरती ती जबाबदारी उरत नाही. ६२ व्या कलमाप्रमाणे अशा गर्भित अटी करारानेच बाजूला ठेवता येतात, आणि लिलावाच्या जाहिरातीतले "जसे आहे, जेथे आहे" हे शब्द नेमके तेच काम करतात. सर्वोच्च न्यायालयाने २००९ साली चंदीगड प्रशासन विरुद्ध अमरजीत सिंग या खटल्यात जाहीर लिलावात आहे त्या स्थितीत प्लॉट घेणाऱ्यांना ग्राहक मानायला नकार दिला. निकाल जमिनीचा आहे, गाडीचा नाही. पण बघून-सवरून बोली लावलीत, आता सोयी नाहीत म्हणून तक्रार कशी, हा त्यातला विचार यार्डाच्या फाटकापर्यंत सहज पोहोचू शकतो.

या सगळ्या कायद्याच्या पोटात एक गृहीतक आहे, की बघणाऱ्याला बघता येते. घोड्याच्या बाबतीत ते बऱ्याच अंशी खरे होते. तोंड उघडून दात पाहता येत, पाय उचलून खूर पाहता येत, चार पावले पळवता येत. गंमत म्हणजे घोड्यांच्या बाजारातही आवाजाचाच वाद माजला होता. पळताना घशातून घरघर करणाऱ्या घोड्याला इंग्रज लोक 'रोअरर' म्हणत. घरघर हा दोष की नुसती सवय, हा प्रश्न लॉर्ड एलनबरो यांच्यासमोर दोनदा आला. १८१० मध्ये त्यांचे म्हणणे पडले की घरघर तेवढ्याने दोष ठरत नाही, ती आजाराची खूण आहे हे दाखवावे लागेल. १८१७ मध्ये पशुवैद्याच्या साक्षीतून तिचे शारीरिक कारण समोर आले आणि घोडा सदोष ठरला. घोड्यांची घरघर या सात वर्षांत तशीच होती; बदलले होते ते तिच्यामागचे स्पष्टीकरण. यार्डातल्या गाडीची गोष्टही हीच आहे, फक्त तिथे पशुवैद्याला फाटकातच अडवलेले असते. तपासणीची संधी होती या आधारावर जबाबदारी खरेदीदारावर टाकायची आणि संधी मात्र पाच मिनिटे बोनेट उघडून ठेवण्याइतकीच द्यायची, यात मला खोट दिसते.

अर्थशास्त्रात या विषयाचा मूळ निबंध जॉर्ज अकरलॉफ यांचा, १९७० चा. विकणाऱ्याला गाडीचे खरे माहीत आणि घेणाऱ्याला नाही, अशा बाजारात घेणारा सरासरी भावच देतो. त्या भावाला चांगली गाडी कोणी आणत नाही. सरासरी आणखी घसरते. तीन नियतकालिकांनी परत केलेल्या या विचाराला २००१ साली नोबेल मिळाले. पण तो वाचून प्रत्येक जुनी गाडी भंगार समजणारे लोक पुढचे संशोधन विसरतात. एरिक बाँड यांनी १९८२ मध्ये अमेरिकेतले पिकअप ट्रक तपासले, तेव्हा जुने विकत घेतलेले ट्रक पहिल्या मालकाकडे राहिलेल्या ट्रकांपेक्षा जास्त दुरुस्तीला निघतात असे दिसले नाही. डेव्हिड जेनेसॉव्ह यांनी १९९३ मध्ये घाऊक लिलाव पाहिले, त्यांनाही या परिणामाचा पुरावा क्षीणच मिळाला. मला यातून असे दिसते की जिथे तपासता येते, विचारता येते, परत करता येते, तिथे बाजार स्वतःला सावरून घेतो. अकरलॉफ यांचे भाकीत उघड्या बाजारापेक्षा बंद बोनेटच्या बाजारात जास्त खरे ठरणार. आणि आपल्याकडच्या जप्त गाड्यांच्या लिलावात एक निराळीच अडचण आहे: इथे विकणाऱ्यालाही माहीत नसते. गाडी चालवली कर्जदाराने, आवाज पहिल्यांदा ऐकला त्याने, आणि तो या व्यवहारात कुठेच नाही. ज्याला हप्ता झेपत नव्हता त्याने ऑईल वेळेवर बदलले असेल का, हा तर्क क्रूर वाटतो, पण बोली लावणाऱ्याला तो करावाच लागतो.

आता हिशेब. समजा, निरोगी असती तर गाडी ४ लाखांची. आवाज किरकोळ कारणाचा असण्याची शक्यता ६० टक्के, खर्च ५ हजार. इंजिन बांधावे लागण्याची शक्यता ४० टक्के, खर्च १ लाख. सरासरी भुर्दंड ४३ हजार. वर्षाला पन्नास गाड्या उचलणाऱ्या व्यापाऱ्याने ४३ हजार वजा करून बोली लावली तर ते शहाणपणच. एका गाडीत मार बसला तर दुसरीत निघतो, आणि गॅरेजही त्याच्या ओळखीचे असल्याने त्याचा १ लाख प्रत्यक्षात कमीच असतो. घरासाठी गाडी घेणाऱ्याला मात्र सरासरी भेटत नाही. त्याला एक तर ५ हजार भेटतात नाही तर १ लाख, आणि दुसरे भेटले तर कर्ज काढावे लागते. म्हणून त्याने पूर्ण १ लाख वजा करून ३ लाखांवर थांबावे. व्यापारी ३ लाख ५७ हजारांपर्यंत जाऊ शकतो. अर्थात त्याला आपला नफाही ठेवायचा असतो, पण तो सोडूनही तो वरच राहील. म्हणजे वाजणारी गाडी घरगुती गिऱ्हाइकाच्या हातून जवळजवळ नेहमी निसटेल. निसटू द्यावी. उलटा निकाल लागला तर घाबरायला हवे. १९७१ साली केपन, क्लॅप आणि कॅम्पबेल या तेल कंपनीतल्या अभियंत्यांनी मेक्सिकोच्या आखातातल्या तेलपट्ट्यांच्या लिलावांवर लिहिताना दाखवले होते की जो जिंकतो तो बहुधा सर्वांत आशावादी अंदाज करणारा असतो, आणि म्हणून जिंकूनही तोट्यात जातो. दहा व्यापारी ज्या गाडीवर थांबले तिच्यावर अकरावा पुढे गेला, तर दहाही कानांनी ऐकलेले त्याने ऐकले नाही, ही शक्यता आधी धरावी.

यावर पहिला आक्षेप येतो की लिलावाचा भाव मुळातच कमी असतो, धोका त्यात धरलेलाच आहे. सरासरी गाडीचा सरासरी धोका धरलेला असतो, हे मान्य. पण कानाला वाजणारी गाडी सरासरी राहिलेली नाही, आणि तिची सवलत व्यापाऱ्यांच्या खर्चाच्या मापाने ठरते, घरगुती खर्चाच्या नाही. दुसरा आक्षेप: बरोबर चांगला मिस्त्री न्या. न्यावाच, डिपस्टिक पुसून, ऑईल फिलरचे झाकण उघडून तो बरेच सांगेल. पण पाच मिनिटांत तो ६० टक्क्यांचे ७० करील, १०० नाही करणार. यापेक्षा आदल्या रात्री यार्डाला लेखी विचारणे मला उपयोगाचे वाटते: या लॉटच्या इंजिनात दोष असल्याची कुठली नोंद तुमच्याकडे आहे का, नसल्यास नाही असे मी समजतो. करार कायद्यातल्या तिसऱ्या उदाहरणाचे हे आजचे रूप. लिलावाच्या अटी त्याला वळसा घालतील, आणि विकणाऱ्याला खरेच माहीत नसेल तर त्याच्या मौनातून फारसे काही निघणार नाही. तरी कधी कधी उत्तरातला संकोचच पुरेसा बोलका असतो. तिसरा आक्षेप सर्वांत वजनदार आहे. बँक म्हणेल, आम्ही गाड्यांचे दुकानदार नाही, थकलेले पैसे काढायला बसलो आहोत, इंजिनाची जबाबदारी आमच्या गळ्यात का? जबाबदारी कोणी मागत नाही. मागणी आहे ती माहितीची, आणि तिचे इतर बाजारांत काय झाले ते पाहता येते.

जपानच्या घाऊक लिलावांत विकणाऱ्याचे शब्द बाजूला ठेवून लिलावगृहाचाच तपासनीस गाडीचा कागद भरतो. आकड्यांत श्रेणी, अपघाताची मोठी दुरुस्ती झालेल्या गाड्यांना 'आर', ओरखडा-पोच्यांसाठी नकाशावर अक्षरे, आणि शेऱ्यांत इंजिनाचा असाधारण आवाज. कारण सांगितलेले नसते. आवाज आहे, एवढे निःसंकोच लिहिलेले असते, आणि हजारो किलोमीटरवर बसलेले आयातदार त्यावर बोली लावतात. अमेरिकेतल्या घाऊक लिलावात गाडी पुढे येते तेव्हा दिवा लागतो: हिरवा म्हणजे घेऊन चालवून बघा, ठरलेल्या दोषांबद्दल वाद मांडता येईल, लाल म्हणजे आहे तशी. तिथल्या लवादाच्या नियमांतही त्या मॉडेलला स्वाभाविक असलेला आवाज दोष धरत नाहीत, म्हणजे एलनबरो यांचा प्रश्न अजून जिवंत आहे. इंग्लंडमध्ये १७६६ पासून घोडे विकणाऱ्या टॅटरसॉल्सकडे तर घरघरीसाठी वेगळी सोयच आहे. विक्रीनंतर ठरलेल्या मुदतीत घोडा पळवून पशुवैद्यांकडून त्याचा श्वास तपासता येतो आणि न सांगितलेली घरघर निघाली तर सौदा परतवता येतो. या तिन्ही व्यवस्था सद्भावनेवर चालत नाहीत. लिलावगृहाला पुढच्या आठवड्यातही गिऱ्हाईक हवे असते, म्हणून चालतात.

दोष उघड केले तर भाव पडेल ही भीती कितपत खरी? स्टीव्हन टाडेलिस आणि फ्लोरियन झेटेलमायर यांनी २०१५ मध्ये प्रसिद्ध केलेला प्रयोग इथे सर्वांत नेमका आहे. मोठ्या घाऊक मोटार लिलावात त्यांनी काही गाड्यांचे तपासणी अहवाल यदृच्छेने निवडून उघड केले, काहींचे केले नाहीत. उघड केलेल्या गाड्यांतून अपेक्षित उत्पन्न वाढले, आणि नवल असे की वाईट गाड्यांचेही वाढले. कारण सरळ आहे. वाईट गाडी वाईट म्हणून कळली की तिच्याकडे ती दुरुस्त करू शकणारा गिऱ्हाईक येतो, आणि चांगलीच हवी असणारा उगाच तिथे ताटकळत नाही. आपल्या यार्डात या दोघांनाही एकाच धुळीत उभे केलेले असते. इथला पोट भरलेला व्यापारी अर्थातच या उघडेपणावर खूश होणार नाही. त्याचा कान हेच त्याचे भांडवल, आणि सगळ्यांना ऐकू आले की त्याचा भाव उतरतो.

खर्च म्हणाल तर अगदी थोडा. गाडी यार्डात येते त्या दिवशी यादी केली जातेच: टायर, स्टेपनी, बॅटरी, किल्ल्या. त्याच यादीसोबत दोन मिनिटांचे ध्वनिचित्रण जोडायचे, रात्रभर उभ्या गाडीच्या पहिल्या स्टार्टचे. ते बनावट होऊ शकते, इंजिन आधी तापवून घेता येते, हा आक्षेप रास्त आहे. म्हणून चित्रणाची सुरुवात बोनेटवर नको, मीटरवर हवी: तापमानाचा काटा तळाशी, किलोमीटरचा आकडा स्पष्ट, ऑईलचा लाल दिवा किल्ली फिरवल्यावर लागलेला, आणि इंजिन सुरू झाल्यावर तो विझायला किती सेकंद लागतात ते न कापता.